आई, परी कधी येणार?

ड्रेस्डेनला राहायला आलो त्या पहिल्याच डिसेंबरात खालच्या मजल्यावरच्या आजी एका रविवारी वर आल्या आणि म्हणाल्या, दुपारी लेकीला घेऊन खाली या, टीव्हीवर 'आशेनब्र्योडेल' लागणार आहे. माझं जर्मन तेव्हा बेताचंच. मला वाटलं एखादी मालिका असेल. खाली गेले तर पडदे ओढलेले, मेणबत्त्या लावलेल्या, आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधीच आजी त्याची धून गुणगुणत होत्या.

आशेनब्र्योडेल म्हणजे सिंड्रेला. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला ती गोष्ट तोंडपाठ होती, भोपळ्यासकट. त्यामुळे दहाएक मिनिटं तिने धीर धरला आणि मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आई, परी कधी येणार?"

मी म्हटलं, येईल, थांब जरा.

पडद्यावर बर्फाने भरलेलं एका जहागिरीचं अंगण. सावत्र आईचा आरडाओरडा, नोकरांची धावपळ, आणि या सगळ्यातून काजळलेल्या गालांची एक मुलगी सटकते, तबेल्यातून पांढरा घोडा काढते आणि रानात भरधाव निघून जाते. तिथे राजपुत्र हरणावर नेम धरून उभा असतो. ही त्याला बर्फाचा गोळा फेकून मारते. नेम चुकतो, हरीण पळतं, आणि ती त्याच्याकडे बघून हसते. दोघांची पहिली भेट ही अशी. लेक पांघरुणातून उठून बसली. परीचा प्रश्न तिने आणखी दोनदा विचारला आणि मग तिला विचारायची गरज उरली नाही.

हा सिनेमा १९७३ सालचा. झेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी यांनी मिळून काढलेला, प्रागचा बारांडोव्ह स्टुडिओ आणि बाबेल्सबर्गची डेफा ही पूर्व जर्मनीची सरकारी चित्रपटसंस्था. दिग्दर्शक वात्स्लाव्ह व्होर्लिचेक. झेकमध्ये नाव 'त्रि ओर्झिश्की प्रो पोपेल्कू', म्हणजे सिंड्रेलासाठी तीन हेझलनट. मूळ गोष्ट बोझेना न्येम्त्सोव्हा या एकोणिसाव्या शतकातल्या झेक लेखिकेच्या पोतडीतली. पोपेल म्हणजे राख, पोपेल्का म्हणजे राखेतली पोर. पोपेल्का झालेली लिबुशे शाफ्रान्कोव्हा चित्रीकरणाच्या वेळी एकोणीस वर्षांची होती.

आपल्याला ठाऊक असलेली सिंड्रेला बहुतांशी फ्रेंच आहे. १६९७ मध्ये शार्ल पेरोने लिहिली ती: परी, भोपळ्याचा रथ, उंदरांचे घोडे, काचेचा बूट, बाराचे ठोके. ग्रिम बंधूंच्या जर्मन गोष्टीत परी नाही. तिथे बाप जत्रेला निघतो, सावत्र मुली कपडे आणि मोती मागतात आणि ही म्हणते, परतताना जी पहिली फांदी तुमच्या टोपीला लागेल ती आणा. ती फांदी हेझलची निघते. मुलगी ती आईच्या थडग्यावर लावते, त्याचं झाड होतं, आणि त्या झाडावरचा पक्षी तिला कपडे टाकतो. सिनेमा या दुसऱ्या घराण्यातला. इथे गडी विन्त्सेक बाजाराला जाताना पोपेल्काला विचारतो, तुला काय आणू? ती म्हणते, वाटेत जे तुझ्या नाकावर पडेल ते. रानातून जाताना तो बर्फगाडीत पेंगतो, आणि तेवढ्यात राजपुत्र गंमत म्हणून झाडावर बाण सोडतो. तीन हेझलनट विन्त्सेकच्या अंगावर पडतात.

ही जागा मला फार आवडते. त्या हेझलनटांमागे कुणाची योजना नाही. एका उनाड मुलाने हौसेखातर बाण मारला आणि एका भल्या माणसाने पडलेली वस्तू आठवणीने घरी आणली, एवढंच.

आणि हेझलनटांमधून निघतं काय? फक्त कपडे. पहिल्यातून शिकाऱ्याचा पोशाख, दुसऱ्यातून नाचाचा झगा, तिसऱ्यातून लग्नाचा. घोड्यावर बसणं, नेम साधणं, सावत्र आईसमोर न वाकणं यातलं काहीच त्या टरफलांत नसतं, ते तिच्यात आधीपासूनच असतं. शिकाऱ्याच्या वेशात ती आकाशातला शिकारी पक्षी एका बाणात पाडते. राजपुत्र स्वतःच्या हाताने बक्षिसाची अंगठी तिच्या बोटात घालतो आणि तरीही समोर मुलगी आहे हे त्याला कळत नाही. आमच्या आजी या प्रसंगाला दरवर्षी टीव्हीकडे बोट करून म्हणतात, "बघ रे नीट!"

नाचाच्या रात्री इथे बाराचे ठोके पडत नाहीत. ती निघते ती कुठल्या जादूची मुदत संपली म्हणून नाही. राजपुत्र मोठ्या ऐटीत आपली निवड जाहीर करतो, मुलीला काय हवं हे विचारायचं मात्र राहून जातं. तेव्हा ती त्याला एक कोडं घालते. गालांना राख, पण धुराडी साफ करणारा नाही. पिसांची टोपी आणि खांद्यावर धनुष्य, पण शिकारी नाही. रुपेरी नक्षीचा घोळदार झगा, पण राजकन्या नाही. ओळख, कोण? त्याला सांगता येत नाही. ती निघून जाते.

त्या संध्याकाळी लेकीला झोपवताना ते कोडं मी मराठीत सांगत होते आणि 'उखाणा' हा शब्द तोंडात आला. जुन्या मराठीत उखाणा म्हणजे कोडंच. पुढे तो शब्द लग्नातल्या नाव घेण्याला चिकटला. नवरी नवऱ्याचं नाव ओळीत गुंफून घेते. पोपेल्का दोन्ही अर्थांनी उखाणा घालते, फक्त बाजू उलटी करून. नाव तिचं आहे आणि ते घ्यायचं आहे त्याने. आधी तीन वेळा पाहूनही ज्याला ती दिसली नाही त्याने तीन रूपं एका माणसात जोडून दाखवायची, मगच पुढचं बोलणं. शेवटी बूट पायात बसतो खरा, पण उखाणा सुटल्याशिवाय त्या बुटाला काही किंमत नाही. सहा वर्षांच्या मुलीला सांगायला मला आजवर सापडलेली ही सगळ्यात चांगली सिंड्रेला आहे, आणि हे मी अगदी मनापासून म्हणते आहे.

नावाची आणखी एक गोष्ट मला नंतर कळली आणि त्यानंतर हा सिनेमा मी वेगळ्या डोळ्यांनी पाहते. पटकथा लिहिली फ्रांतिशेक पाव्लिचेक यांनी. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतर ज्या लेखकांवर बंदी आली त्यांतले ते एक. त्यांचं नाव पडद्यावर येणं शक्य नव्हतं. बोहुमिला झेलेन्कोव्हा या सहकारी बाईंनी आपलं नाव दिलं आणि गुपित पोटात ठेवलं. ज्या माणसाला स्वतःचं नाव लावता येत नव्हतं त्याने अशी नायिका लिहिली, जी विचारते, सांग मी कोण. पडद्यावर नाव दिसतं ते झेलेन्कोव्हाबाईंचं, आणि त्या क्षणी मला या दोघांची आठवण येते.

चित्रीकरण आधी उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं, पण ते हिवाळ्यावर ढकललं गेलं. त्या बदलामुळेच हा सिनेमा नाताळचा झाला असं मला वाटतं. जिथे बर्फ कमी पडला तिथे माशांची भुकटी पसरली आणि नटमंडळी त्या वासात प्रेमाचे संवाद म्हणत होती. कपडे केले थेओडोर पिश्तेक यांनी, ज्यांना पुढे 'आमाडेउस' या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं. टोप्या, लोकर, फर, जाड बाह्या, सगळं असं की बघताना थंडी आणि ऊब दोन्ही जाणवते. आणि कारेल स्वोबोदाचं संगीत! ती धून एकदा कानात बसली की जात नाही. नॉर्वेत तर हाच सिनेमा दर नाताळला लागतो आणि सगळ्या पात्रांचे संवाद एकच पुरुष वाचतो, राणीचेसुद्धा.

आजींनी तो पहिल्यांदा १९७४ मध्ये थिएटरात पाहिला, तेव्हा त्या पोपेल्काच्याच वयाच्या होत्या. त्या वेळच्या आयुष्याबद्दल त्या फारसं बोलत नाहीत. एवढंच म्हणाल्या, की बाहेर पडल्यावर आम्ही मैत्रिणी ट्रामची वाट न बघता चालत घरी गेलो, घोड्यावर बसल्यासारख्या. २०२१ च्या जूनमध्ये शाफ्रान्कोव्हा गेली तेव्हा भर उन्हाळ्यात त्यांच्या खिडकीत एक मेणबत्ती जळत होती.

त्या पहिल्या नाताळानंतर जानेवारीत आम्ही मोरिट्झबुर्गला गेलो. सिनेमातला राजवाडा तोच. राडेबॉयलहून तिकडे वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी जाते, १८८४ पासून सुरू असलेली, रूळ जेमतेम पाऊण मीटर रुंद. राजवाडा तळ्याच्या मधोमध, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. सॅक्सनीचा तेव्हाचा शासक ऑगस्ट द स्ट्राँग याने अठराव्या शतकात त्याला आजचं रूप दिलं, शिकारीच्या मुक्कामासाठी. म्हणून आतल्या भिंतींवर शिंगंच शिंगं. लेक एका दालनात मान वर करून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "यांच्या वेळी ती नव्हती ना?" बर्फाचा गोळा माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला.

नाचाचा दिवाणखाना इथे शोधू नका, तो बाबेल्सबर्गच्या स्टुडिओत उभारला होता. पोपेल्काच्या घराचं अंगणही इथलं नाही, ते पश्चिम बोहेमियातल्या श्विहोव्हच्या किल्ल्यात आहे. पण बाहेरच्या पायऱ्या इथल्याच, आणि तिथे जिथे तिचा बूट राहिला त्या खुणेला कांस्याचा एक बूट बसवला आहे. रांग लावून बायका, मुली आणि एक दाढीवाले आजोबा पाय लावून बघत होते. लेकीचा पाय त्यात हरवलाच. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती उड्या मारत पायऱ्या उतरली, तळ्याकाठच्या बर्फात गुडघ्यांवर पडली आणि तशीच गाडीत येऊन बसली.

गाडी सुटल्यावर तिने बाबाकडे तोंड केलं. खिडकीतून डोकं काढून इंजिन बघितल्यामुळे नाकावर कोळशाचा ठिपका होता. जाकिटाच्या खिशात आजींनी दिलेले तीन हेझलनट होते, ते तिने मुठीत घेतले.

"गुडघे ओले आहेत, पण बदक नाही," ती म्हणाली. "नाक काळं आहे, पण इंजिन नाही. खिशात नट आहेत, पण खार नाही. सांग, कोण?"

बाबाने तोंड उघडलं.

"लगेच नाही," तिने बजावलं. "आधी नीट बघ."

राडेबॉयल यायला अजून अर्धा तास होता. तो बघत बसला.