सल्ल्याविरुद्ध

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मेडिसिनच्या वॉर्डात मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या आठ पोरांचं क्लिनिक, म्हणजे खाटेपाशीचा तास, घेत होते. कोपऱ्यातल्या खाटेवर राधानगरी तालुक्यातले एक आबा, वय ७६. फुप्फुसाचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून रात्रंदिवस उशीला टेकून बसलेले. शुद्ध मात्र खणखणीत.

पोरांना व्हरांड्यात नेऊन विचारलं, "रात्री धाप वाढली तर व्हेंटिलेटर लावायचा?"

"लावायलाच पाहिजे मॅडम, नाहीतर इच्छामरण होईल." दुसऱ्यानं लगेच इच्छामरणावरचा अरुणा शानबाग खटला काढला, २०११. तिसरीनं सन्मानानं मरण्याचा हक्क मानणारा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल, राज्यघटनेचं कलम २१, शिवाय उपचार थांबवायची २०२३ मध्ये सुटसुटीत झालेली पद्धतही सांगितली: तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, शक्यतो ४८ तासांत निर्णय. तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते.

पण ती मंडळं पेशंटला स्वतः ठरवता येत नसेल तेव्हाची. इथं तर माणूस जागा होता. समजून-उमजून उपचार नाकारायचा हक्क त्याचाच, आणि त्याला इच्छामरण म्हणत नाहीत. आबांना विचारलं कुणी होतं? मीसुद्धा नाही. "आबास्नी काय सांगू नका," असं मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला होता आणि मी मान डोलावून मोकळी झाले होते.

मुलाशी बोलून, त्याला सोबत घेऊनच आत गेलो. मी विषय काढायच्या आत आबाच म्हणाले, "बाई, चार दिस झालं, तुम्ही भाईर जाऊन बोलायलाय. मला कळत न्हाई व्हय? नळी नको. घरला न्या. उसाची तोड आलीया, ह्यो हितं बसून काय करतोय?"

नळी म्हणजे काय, ती नाही घातली तर काय होईल, हे सगळं मी परत विचारून घेतलं. त्यांना नीट ठाऊक होतं. घरी नेलेलंच बरं, असं मीही म्हणाले.

धापेसाठी मॉर्फिन लिहिलं, अर्धी गोळी दर चार तासांनी. पोरं दचकली. "श्वास थांबला तर?" एवढ्याशा डोसनं धाप सुसह्य होते, श्वास थांबत नाही. थांबतं ते पोट. म्हणून पोट साफ व्हायचं औषध विसरायचं नाही. हे त्यांनी लिहून घेतलं. (दुसरं काही लिहून घेतलं की नाही, कोण जाणे.)

मग सिस्टरनं सवयीनं डामाचा कागद पुढं केला. 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला नेत आहोत, पुढील जबाबदारी आमची.' मुलानं पेन उचललं. तेवढ्यात कागलची एक पोरगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, हळूच म्हणाली, "मॅडम, घरी न्या असं आपणच म्हणालो ना? मग सल्ल्याविरुद्ध कसं?"

पंधरा वर्षांत अशा सह्या किती घेतल्या, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. सही केली की मुलगा जन्मभर समजणार, आपणच बापाला मरायला उचलून आणलं. आणि 'सल्ल्याविरुद्ध' गेलेल्याच्या हातात आम्ही ना गोळ्या ठेवत, ना फोन नंबर. आमची कातडी तेवढी वाचते.

कागद फाडला. साधा डिस्चार्ज म्हटल्यावर क्लार्क वैतागला. "मॅडम, हे बरं होऊन चाललेत व्हय? मी काय निवडू ह्यात?" त्याच्या कॉम्प्युटरवर तीनच पर्याय: डिस्चार्ज, डामा, मृत्यू. पहिला निवडायला लावला. केसपेपरवर आबा काय म्हणाले ते त्या पोरीनंच लिहिलं, खाली मी सही केली. २१ गोळ्या मोजून दिल्या, रजिस्टरला नोंद केली, माझा नंबर दिला.

सहाव्या दिवशी सकाळी फोन आला. आबा पहाटे गेले, बसल्या जागी, गोठ्यापाशी. मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "मॅडम, साडेसहा गोळ्या उरल्यात. दिवस घातल्यावर आणून दिल्या तर चालतील न्हवं?"