वरचे पाणी गोडे, खालचे खारे

बादलीतली सुंगटे (जिवंत कोळंबी) पांढरी पडायला लागली तेव्हा नदीत काय चालले आहे ते कळले. जुलैचा दुसरा आठवडा, तीन दिवस सलग पाऊस. गोव्यातल्या शापोरा नदीत शिवोली-चोपडे पुलाच्या खालच्या अंगाला होडी नांगरून अर्धा तासही झाला नव्हता. आदल्या रात्री मोरजीच्या बाजूला पाग (फेकायचे जाळे) टाकून धरलेली चाळीसेक सुंगटे खाऱ्या पाण्यात सकाळपर्यंत टुणटुणीत होती. पाणी गढूळले म्हणून बादलीतले अर्धे पाणी काढून नदीचे भरले. वीस मिनिटांत त्यांचे काचेसारखे अंग दुधाळ झाले, शेपट्या आखडल्या. खारेपणा एकदम उतरला की सुंगटाचे असेच होते. असले सुंगट गरीला (गळाच्या आकड्याला) लावून उपयोग नसतो. ते पोहत नाही, हलत नाही आणि गढुळात चोणकाला (जिताड्याला) हालचालीवाचून त्याचा पत्ता लागत नाही.

पाणी जिभेला लावले. मिठाचा मागमूस नाही. समुद्र तिथून काही किलोमीटरवर, आणि नदी वर तळ्यासारखी गोडी.

मी होडीवरून गळाची मासेमारी करायला लोकांना नेतो. त्या दिवशी गिऱ्हाईक कोल्हापूरचे दोघे होते, धरणावर मासे धरून तयार झालेले. "दादा, एवढा पाऊस झालाय, आज मासा तोंड लावणारच," असे ते सकाळपासून म्हणत होते. त्यांच्या पाण्यात ते खरे आहे. धरणात नवे पाणी आले की ते थंड असते, त्यात प्राणवायू जास्त असतो, काठचे गांडूळ-किडे वाहून येतात आणि मासा त्या पाण्याच्या तोंडाशी येऊन खातो. खाडीत हा हिशोब लागू पडत नाही. इथे पाऊस किती पडला यापेक्षा खारे पाणी कुठे उरले ते शोधावे लागते.

गोडे पाणी हलके, खारे जड. डोंगरातून उतरलेले पाणी वरून समुद्राकडे पळते आणि भरतीचे खारे पाणी त्याच्या खालून पाचरीसारखे आत शिरते. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीला, पाण्याला जोर असतो, दोन्ही थर बरेच मिसळतात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, जोर कमी, म्हणून थर वेगळे राहतात. त्या दिवशी अष्टमी होती. ओहोटी अकराच्या सुमारास संपणार आणि भरती पाचच्या आसपास पुरी होणार. सकाळचे तीन तास फ्लोट लावून, दीड मीटर खोलीवर सुंगट ठेवून गेले होते. एक सांगट (शिंगाळा) सोडले तर काही नाही. सांगट वासावर खाते, त्याला गढूळ पाणी चालते. चोणक आणि तामसो (तांबोशी) त्या वरच्या थरात नव्हतेच.

खालचे पाणी बघायला एक साधी बाटली पुरते. अर्ध्या लिटरच्या बाटलीला तळाशी पाव किलो शिसे बांधायचे, गळ्याला दोरी, तोंडाला घट्ट बूच आणि बुचालाही त्याच दोरीचा फाटा. बाटली तळाला टेकली की हिसका द्यायचा. बूच सुटते, बाटली भरते. साडेबाराला ती पाच मीटरवरून वर काढली. पाणी वरच्यापेक्षा स्वच्छ आणि जिभेला सरळ खारट. बादलीतले पाणी त्याच बाटलीने आठ-दहा खेपा करून बदलले. तग धरून असलेली पंधरा सुंगटे वाचली.

मग मांडणी बदलली. फ्लोट काढला. ०.६० मिमीची तंगूस (गळाची नायलॉन दोरी), त्यावर सरकते ६० ग्रॅमचे शिसे, मणी, गिरकी आणि पुढे ०.८० मिमीचा हातभर तुकडा. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते, बारीक तंगूस ती सहज कापते. पावसाळ्यात ३० ग्रॅमचे शिसे तळाला टिकत नाही, वरचा लोंढा तंगूस ओढून ते उचलतो. सुंगट लावताना गरी शिंगाच्या मुळाशी, डोक्यात दिसणाऱ्या काळ्या ठिपक्याच्या पुढून घालायची. ठिपक्याला लागली तर ते तिथेच मरते.

एकच्या सुमारास एक गोष्ट दिसली, ती सहसा एवढी स्पष्ट दिसत नाही. होडी नांगरावर समुद्राकडे ताणलेली होती, नारळाच्या झावळ्या आणि जलपर्णी बाजूने पश्चिमेला वाहत होती. तंगूस मात्र पाण्यात शिरताना पश्चिमेला झुकून, खाली गेल्यावर उलटी वळली होती. शिसे हळूहळू पूर्वेला सरकत होते. एकाच जागी वर सुकती (ओहोटी), खाली भरती. त्या दोघांना मी तंगूस बोटावर धरायला लावली. थरथर हाताला कळते.

पहिला चोणक पावणेतीनला लागला, चारेक किलोचा. मग दोन तामसे, एक गोबरा, परत चोणक. सगळे तळातून आणि सगळे तासा-दीड तासात.  

शेवटचा चोणक ९० सेंटिमीटरच्या वर भरला. तो सोडला, आणि सोडायलाच हवा होता. चोणक जन्मतो तो नर, वयाने वाढल्यावर मादी होतो. म्हणजे एवढा मोठा मासा जवळपास नक्की मादी, आणि हाच काळ ती अंडी घालायला मुखाच्या खाऱ्या पाण्याकडे उतरण्याचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना बंदी असते तीही प्रजननासाठीच. गळाच्या माशाला तो न्याय लावू नये असे मला वाटत नाही. गरी पक्कडीने पाण्यातच काढली, पोटाखाली हात देऊन तोंड प्रवाहाकडे धरले. कल्ले नीट चालू व्हायला दोन मिनिटे लागली. गोड्या पाण्याचा तिला त्रास नाही, वर धरून ठेवले तरी चालते. तामशाला मात्र इतका वेळ वर ठेवू नये.

या दिवसांत नांगराची दोरी नेहमीच्या पंधरा मीटरऐवजी निदान पंचवीस सोडावी, पुढे दोन मीटर साखळी, आणि कोयता दोरीजवळ मोकळा ठेवावा. वरच्या तिळारी धरणाचे पाणी सोडले की ओंडके येतात, आणि ओंडका दोरीत अडकला तर गाठ सोडायला वेळ मिळत नाही. ढग गडगडला की गळाच्या कार्बनच्या काठ्या आडव्या ठेवून काठ गाठायचा, मासा लागत असला तरी.

साडेपाचला बाटली पुन्हा सोडली. पाणी अजून खारट, पण तंगूस आता वरपासून खालपर्यंत एकाच बाजूला ताणली होती, म्हणजे तळालाही ओहोटी लागली होती. वीस मिनिटांत चावा थांबला. सहाला तळाचे पाणीही अळणी लागले, तेव्हा नांगर काढला.