गाडी उभी, तरी चार्ज खाली

गणपतीला गावी जाताना इलेक्ट्रिक गाडी पुण्यात, बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये लावून गेलो. बॅटरी ७८ टक्के. बाराव्या दिवशी परत आलो तर ५४! निघताना डॅशबोर्डचा फोटो काढला होता म्हणून बरं, नाहीतर माझं कोणी ऐकूनच घेतलं नसतं. तुम्हीही तारीख-वेळेसकट काढून ठेवा.

माझी बॅटरी ३० युनिटची. २४ टक्के म्हणजे ७.२ युनिट, म्हणजेच ७२०० वॅट-तास. बारा दिवसांचे २८८ तास. भागून बघा, सतत २५ वॅट! लॉक केलेली गाडी थोडी वीज घेतेच. चावीचा सिग्नल, अलार्म, ॲपशी जोडलेलं सिमचं युनिट हे सगळं १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतं आणि ती उतरली की मोठी बॅटरी तिला भरते. पण झोपलेल्या, म्हणजे लॉक होऊन आतली यंत्रणा शांत झालेल्या गाडीला २५ वॅट कशाला लागतील?

सर्व्हिस सेंटरला हे पटवण्यात माझ्या तीन रजा गेल्या. पहिल्या खेपेला जॉब कार्डवर नुसतं 'बॅटरी चेक' लिहिलं, संध्याकाळी 'ओके' शिक्का मारून गाडी परत. दुसऱ्या खेपेला, "साहेब, ईव्हीत एवढं होतंच." तिसऱ्यांदा मी समोरच उभा राहिलो. बॉनेट उघडं, दार उघडं, स्कॅनर जोडलेला आणि पाच मिनिटांत मोजणी संपली! अहो, दार उघडं असेल, स्कॅनर लावलेला असेल तर गाडी झोपणार कशी? जागेपणी मोजून झोपेतला खर्च कळत नाही. आजही आठवलं की डोकं तापतं.

चौथ्यांदा मी जॉब कार्डवर स्वतः सांगून लिहून घेतलं: 'गाडी लॉक करून, झोपल्यावर करंट मोजणे.' ही ओळ लिहिल्याशिवाय सही करू नका. त्या दिवशी एक जुने मेकॅनिक भेटले. त्यांनी बॉनेटच्या लॉकमध्ये स्क्रूड्रायव्हर सरकवून खटका पाडला, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटतं. छोट्या बॅटरीच्या काळ्या वायरला क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावला, गाडी लॉक केली आणि चावी लांब ऑफिसात नेऊन ठेवली. चाळीस मिनिटं आम्ही दोघं मीटरकडे बघत होतो. आकडा दीड ॲम्पिअरवर आला आणि तिथेच अडकला. मग एकेक फ्यूज. सिमच्या युनिटचा फ्यूज निघाला आणि मीटर ०.०३ वर! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

बेसमेंटमध्ये नेटवर्क नाही, त्यामुळे ते युनिट सारखं नेटवर्क शोधत जागं राहत होतं. सॉफ्टवेअर अपडेटने काम झालं, वॉरंटीत.

हो, एक राहिलंच. उभ्या गाडीची टक्केवारी बघायला ॲप सारखं उघडू नका, त्यानेही गाडी जागी होते. बाहेरून बसवलेला डॅशकॅम असेल तर आधी तो काढून बघा. आणि फ्यूज घरी काढत बसू नका. केशरी वायरला तर हातही लावायचा नाही, तिथे मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज असतं.

परवा दहा दिवसांनी बेसमेंटमध्ये उतरलो. ८० ठेवले होते, ७९ मिळाले.