मुंबईचं मागीलदार

आमच्या हर्णैचा माणूस मुंबईला जातो तो खेडला गाडी पकडून, नाहीतर दापोलीहून रातराणीने. मी पहिल्यांदा गेलो तो समुद्रातून, अंगावर डिझेलचे डाग घेऊन, आणि तेही न ठरवता.

मी इंजिनं दुरुस्त करतो. दिवाळीनंतर बंदरातल्या एका ट्रॉलरला नवं इंजिन बसवलं होतं. नवं इंजिन असलं की नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, पहिल्या फेरीला मेकॅनिकला बोटीवरच ठेवून घेतो. काही बिघडलंच तर खोल पाण्यात शिव्या घालायला कोणीतरी समोर लागतं. श्रीवर्धनच्या बाहेर जाळी चालली होती, म्हाकूल (स्क्विड) बऱ्यापैकी लागलं होतं. त्या रात्री दोन गोष्टी एकदमच झाल्या. मुंबईत ससून डॉकला म्हाकुलाचा भाव चढलाय असं बोट चालवणाऱ्या तांडेलला फोनवर कळलं. आणि इकडे खाली, समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाच्या पोटातल्या भोकातून पाणी ठिबकताना मला टॉर्चमध्ये दिसलं.

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, झिजलं की खारं पाणी इंजिनच्या ऑइलमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, एवढ्यासाठी. थेंब पडतोय तोवर काळजी नाही, धार लागली की इंजिन गरम व्हायला फार वेळ लागत नाही. नव्या इंजिनाचा पंप मात्र जुनाच ठेवला होता. पैसे वाचवायची नाखव्यांची ही आवडती जागा. तांडेलना सांगितलं, सील बदलावं लागेल, हर्णैत मिळायचं नाही. ते म्हणाले, "मग मुंबईलाच चाललोय की. तिथं घे." 

रात्रभर मी खाली जाऊन थेंब बघायचो आणि वर येऊन किनारा. जंजिरा अंधारात कुठे गेला कळलंही नाही. कोरलईचा दिवा मागे पडला आणि थोड्या वेळाने उत्तरेचं आभाळ खालच्या बाजूने पिवळट दिसायला लागलं. ते पिवळेपण हलत नव्हतं, विझतही नव्हतं. इमारत एकही दिसत नव्हती, दिवा एकही नाही, तरी शहर तिथे आहे हे आभाळावरून कळत होतं. आमच्याकडे बंदरात पोचेपर्यंत गाव दिसत नाही, सुवर्णदुर्ग आधी दिसतो.

खांदेरीपाशी तांडेलनी इंजिन हळू करायला लावलं, टोपी काढली आणि बेटावरच्या वेताळाला नारळ सोडला. 1679 साली शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांची झोप उडाली होती ती का, हे समुद्रातून बघितल्यावर एका नजरेत कळतं. मुंबईत शिरणारं गलबत या बेटाच्या डोळ्यांसमोरूनच जायचं.

पुढे मात्र माझी बोलती बंद झाली. नांगर टाकून उभी असलेली मोठी जहाजं. लांबून वाटतं एखादी वाडी आहे, दिवे लागलेत. जवळ गेलं की ती वाडी म्हणजे लोखंडाची भिंत, आणि आपली बोट तिच्या पायथ्याशी. "उभी असली तर भ्यायचं नाय," तांडेल म्हणाले, "चालती असली तर आपण बाजूला. तिला आपण दिसत पण नाय." डावीकडे प्राँग्ज दीपगृहाचा दिवा फिरत होता. तो 1875 सालचा, आणि आम्ही ज्या ससून डॉकला चाललो होतो तोही त्याच सालचा. जमिनीकडून येणारा मतलई वारा सुटला होता आणि वाऱ्यावर धूर, चिखल, सुकी मासळी असं सगळं एकत्र येत होतं. माझ्या लेखी मुंबई तिथे सुरू झाली.

कोकणातल्या घरात पाहुणा पुढीलदारी बसतो. मासे साफ होतात, भांडी घासली जातात ती मागीलदारी. मी मुंबईत शिरलो तो मागीलदाराने. हर्णैला बोटी बाहेर उभ्या राहतात आणि बैलगाडी पाण्यात जाऊन मासळी आणते. इथे बोटीला बोट लागलेली, किनाऱ्यावर जायचं तर परक्या बोटींवरून उड्या मारत. उजाडायच्या आत बर्फ फोडायची यंत्रं गरगरत होती, टब ओढले जात होते, बायका लिलावात पुरुषांच्या वरचढ आवाजात बोलत होत्या. कोणी कोणाला वाट देत नव्हतं आणि तरी कोणी कोणावर आपटत नव्हतं. आमचं म्हाकूल किती लवकर विकलं गेलं ते मला कळलं नाही. भाव बरा मिळाला एवढं तांडेलच्या चेहऱ्यावरून दिसलं.

पंपातलं जुनं सील काढून खिशात टाकलं आणि लाल बसने क्रॉफर्ड मार्केट गाठलं. वाटेत सीएसएमटी लागलं. आमची कोकणकन्या इथून सुटते म्हणून डोकं बाहेर काढून बघितलं, तेवढ्यात बस पुढे गेली. मार्केटला उतरून नागदेवी स्ट्रीटवर चालत गेलो. हातगाड्यांमधून अंग चोरत जावं लागतं. एका दुकानात फक्त बेअरिंग, शेजारी फक्त पट्टे, त्याच्या शेजारी फक्त नटबोल्ट. आमच्याकडे एकच माणूस पाइप, रंग, गळ आणि उंदराचं औषध विकतो.

सीलच्या दुकानात गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ होते. माझ्या सीलवरचे आकडे झिजून गेले होते. मी मापायला व्हर्नियर मागणार, तोवर त्यांनी ते दोन बोटांत फिरवलं आणि आत ओरडले, "पैंतीस बावन सात!" आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. पोऱ्याने आणून ठेवलं, तंतोतंत. मग विचारलं, "कितना पीस?" गाव कुठलं, कोणाचा तू, बाप काय करतो, काही नाही. दापोलीत या चौकशीशिवाय खिळासुद्धा मिळत नाही. मला ते न विचारणं इतकं बरं वाटलं की एकाच्या जागी डझनभर सीलं घेतली. उंच इमारतींचं मला अजूनही विशेष वाटत नाही. त्या बोटांचं वाटतं.

लालबागच्या मावशीला फोन केला तर ती चिडलीच. मुंबईत येऊन घरी नाही म्हणजे काय, बोटीला सांग थांबायला. बोट कोणासाठी थांबते? दुपारी सील बसवलं, इंजिन तासभर चालवून बघितलं, भोक कोरडं होतं. बर्फ भरून भरतीबरोबर निघालो.

आता सीलं तिथूनच मागवतो. फोनवर तीन आकडे सांगायचे, ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल दापोलीला येतं. नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही, पार्सलवर "हर्णै मशीनवाला" एवढंच लिहिलेलं असतं.