अकरा सेकंदांची समाधी

आषाढीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आमच्या तालुक्यात दवाखाना ओस असतो. निम्मं गाव पालखीच्या नादात, उरलेलं पेरणीत. अशाच एका दुपारी चौघं जण आले. माळकरी वडील, आई, आजी आणि सात वर्षांची मुलगी. मुलीच्या डाव्या हाताची तीन बोटं चहानं भाजली होती. फोड आले होते, पण फार खोल नव्हतं. सिस्टर ड्रेसिंगची तयारी करत होती, तेवढ्यात मी विचारलं, कसं झालं?

“बशीत चहा ओतत होती,” आई म्हणाली. “बशी भरली तरी ओततच राहिली. हातावर आला तरी ओतती.”

“देहभान नव्हतं हो तिला,” आजी मध्येच म्हणाली. “समाधी लागली होती.” आवाजात काळजी नव्हती. नातीचा पहिला नंबर आल्याचं सांगावं तसा सूर होता.

मग एकेक करत सगळं बाहेर आलं. वर्षभर हे चालू होतं. बोलता बोलता मुलगी थांबते, नजर लागते, पापण्या फडफडतात आणि लगेच पहिल्यासारखी. दिवसातून कितीदा, याची मोजदाद नाही. वडील पहाटे प्राणायामाला बसायचे, तीही शेजारी बसायची. भस्त्रिका, म्हणजे जोरजोरात श्वास घ्यायचा-सोडायचा प्राणायाम, केली की तिचं ध्यान हमखास लागायचं. “मला बारा वर्षं बसून जमलं नाही मॅडम, हिला दोन मिनिटांत,” वडील म्हणाले. एकादशीला बायका तिच्या पाया पडायला येऊ लागल्या. कुणीतरी मुक्ताई म्हणालं आणि तेच नाव पडलं. ज्ञानदेवांच्या धाकट्या बहिणीनं चौदाशे वर्षांच्या चांगदेवांना उपदेश केला, हे आमच्याकडे पाळण्यापासून ऐकलेलं असतं. सात वर्षांच्या पोरीला साक्षात्कार होतो हे इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणानं. चार महिन्यांपूर्वी ही मुलगी माझ्याकडे येऊन गेली होती. केसपेपरवर माझंच अक्षर: ‘अभ्यासात लक्ष नाही, वर्गात तंद्रीत असते.’ खाली जंताची गोळी, लोहाचं सिरप आणि मोबाईल कमी करा. पाच मिनिटांत मी मोकळी. तंद्रीत म्हणजे नेमकं काय होतं, एवढा एक प्रश्न विचारला असता तर ही बोटं भाजली नसती.

ड्रेसिंग झाल्यावर मी टिश्यूची एक पट्टी फाडली आणि तिच्या तोंडासमोर धरली. “जोरजोरात फुंकर मारायची. कागद उडता ठेवायचा, मी थांब म्हणेपर्यंत.” तिला खेळच वाटला. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात स्वस्त तपासणी. अ‍ॅब्सेन्स एपिलेप्सी, म्हणजे काही सेकंद भान हरपणारी फिट, असलेल्या आणि औषध सुरू नसलेल्या दहातल्या नऊ मुलांना तीन मिनिटांच्या आत झटका येतो. भरभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड उतरतो आणि अशा मेंदूला तेवढं निमित्त पुरतं. भस्त्रिका दुसरं काय करते? वडील रोज पहाटे, अगदी श्रद्धेनं, तिची हीच तपासणी करत होते.

सव्वा मिनिटानं कागद खाली आला. डोळे किंचित वर गेले, पापण्या थरथरू लागल्या. मी घड्याळावर सेकंद मोजत होते. मध्येच तिच्या कानाशी ‘कैरी’ म्हणाले. मान वर केली तर समोर वडिलांनी हात जोडलेले, आजीनं पदर डोक्यावर घेतलेला. अकराव्या सेकंदाला मुलगी पुन्हा फुंकर मारायला लागली, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

“मी आत्ता तुझ्या कानात काय म्हटलं?”

“कधी?”

मला वाटलं, झालं, आता घरच्यांना पटेल. वडील शांतपणे म्हणाले, “समाधीत बाहेरचं ऐकू येतच नाही, मॅडम.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वजन करायचं म्हणून मी तिला एकटीला आत नेलं. तेव्हा तुला काय दिसतं, विचारलं. तिनं आधी दाराकडे पाहिलं.

“काय नाय. लाईट गेल्यागत होतं. आली की समदे माझ्याकडं बघत असत्यात.”

“मग विठोबा दिसला असं सांगतेस ते?”

“आजी इचारती ना. दिसला का, दिसला का. नाय म्हटलं की परत इचारती.” विठोबानं काय नेसलं होतं तेही बायका विचारायच्या. ती घरच्या कॅलेंडरवरचा पिवळा पितांबर सांगायची. एकदा चुकून हिरवा सांगितला, तर त्याचा अर्थ काय यावर बायकांची चर्चा झाली. शाळेत मात्र शुद्धलेखनात मधले शब्द गळायचे, आणि मुद्दाम करते म्हणून तिला अंगठे धरून उभं करायचे. घरी लोक तिच्या पाया पडत होते.

काट्यावरून उतरताना ती म्हणाली, “मी खोटं सांगती, ते आईला सांगू नका.”

बाहेर येऊन मी ‘फिट’ हा शब्द काढला आणि खोली गार पडली. फिट म्हणजे तोंडाला फेस, नाकाला कांदा नाहीतर चप्पल, आणि पुढे पोरीचं लग्न. “आमच्यात असलं कुणाला नाही,” आई म्हणाली. ही फिट वेगळी, यात कुणी खाली पडत नाही, हे मी परत परत सांगत राहिले. देवाचा विषय काढलाच नाही. शेवटी वडिलांना एवढंच विचारलं, “तुमच्या मळ्यातली विहीर बांधीव आहे का?” ते बराच वेळ बोटावरचं ड्रेसिंग बघत बसले. मग म्हणाले, “कुठं न्यायचं ते लिहून द्या.”

ते गेल्यावर सिस्टर म्हणाली, “अंनिसवाल्यांना कळवायचं का?” 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मलाही आठवला होता. पण चमत्काराच्या नावाखाली फसवणाऱ्यांसाठी आहे तो. या लोकांनी कुणाकडून रुपया घेतला नव्हता. उलट दर्शनाला येणाऱ्यांना चहा पाजत होते, आणि तोच चहा ओतताना पोरीची बोटं भाजली होती.

गोळ्या मी स्वतः लिहिल्या नाहीत. फिटवरच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ कार्बामॅझेपिननं, हा प्रकार उलट वाढतो. सोलापूरला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, झाला. आलेखावर सेकंदाला तीन, सेकंदाला तीन, अशा टोकदार लाटा ओळीनं उमटल्या होत्या. या फिटची ही ठरलेली खूण. तिथल्या डॉक्टरांनी इथोसक्सिमाईड सुरू केलं. ते आमच्याकडच्या मेडिकलात मिळत नाही, म्हणून वडील पुण्याहून मागवतात. बहुतेक मुलांचं हे वयात येईपर्यंत थांबतं, असं तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं आणि मीही. वडिलांनी ते दोघांकडून वेगवेगळं वदवून घेतलं.

दिवाळीनंतर ती आईबरोबर दाखवायला आली. दोन महिन्यांत एकही झटका नव्हता. बोटांवर फिकट डाग राहिलेत. मी वही मागितली, शुद्धलेखनाची ओळ पूर्ण होती. एकादशीला आता कुणी येत नाही, आई म्हणाली. आजी नाराज आहे. वडील प्राणायामाला एकटेच बसतात.

उठता उठता आई घुटमळली. मुलीकडे न बघता तिनं हळूच विचारलं, “मॅडम, हिला आता विठोबा दिसत नाही म्हणती. गोळीनं गेला का हो?”

मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. पूर्ण शुद्धीत.

“गोळ्या चालू ठेवा,” मी म्हणाले आणि पुढची तारीख लिहून दिली.