गरम डिस्क आणि माझी बोलणी

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मी बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा काढून देते. मे महिन्यात डिस्क काउंटरवर ठेवताना निम्मे लोक एकच सांगतात, "मॅडम, गरम होत होती." मग मी बोलणी सुनावते: उन्हात लावलेल्या गाडीत ठेवू नका, टीव्हीमागे कोंबू नका. हल्ली एखादा फोनवर बातमी काढून दाखवतो की नव्या डिस्कमध्ये लेझर असतो आणि चारशेहून जास्त अंशांवर तापवून लिहितात. "मग आम्हालाच का ओरडता?" असं विचारतात म्हणून सांगते.

आधी गाडीतलं ऊन. त्या उन्हाने प्लॅटरवरचं, म्हणजे आतल्या फिरत्या तबकडीवरचं, चुंबकत्व पुसलं जात नाही. जातं ते हेड, म्हणजे लिहिणारं-वाचणारं टोक, नाहीतर बेअरिंग, नाहीतर सर्किट बोर्ड. अक्षरं शाबूत आणि वाचणारा आंधळा, असा प्रकार. माझं पोट त्यावरच चालतं.

आता लेझर. प्लॅटरच्या थरात चुंबकीय दाणे असतात आणि काही दाण्यांचा गट मिळून एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, होतो. त्याच जागेत जास्त बिट बसवायचे तर दाणे बारीक हवेत. पण दाणा फार बारीक झाला की खोलीतली साधी ऊबसुद्धा त्याची दिशा उलटवू शकते. लिहिलेलं आपोआप पुसलं जाईल. म्हणून दाणा हट्टी धातूचा घ्यायचा. लोह आणि प्लॅटिनमचा मिश्रधातू असा आहे की सात-आठ नॅनोमीटरचा दाणाही दिशा सोडत नाही. गंमत अशी की तो हेडलाही दाद देत नाही. हेडच्या चुंबकाचा जोर त्याच्या स्वतःच्या धातूपाशी अडतो. वाटेल तितका वाढवता येत नाही.

आई संक्रांतीला तिळाच्या वड्या थापते, तेव्हा ताट गरम असतानाच सुरीने रेघा मारते. गूळ आळला की सुरी चालत नाही, आणि मारलेल्या रेघाही मग हलत नाहीत. डिस्कमध्ये हेच होतं. दाणा तापला की मवाळ होतो, तेवढ्यात हेड त्याची दिशा ठरवतं, आणि गार होताना ती पक्की होते. वाचताना उष्णता लागत नाही.

फरक एवढाच की आईचं अख्खं ताट गरम असतं. इथे तापतो तो शंभर नॅनोमीटरहूनही लहान ठिपका, आणि तोही नॅनोसेकंदभर. लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी आठशे नॅनोमीटरच्या आसपास; भिंगाने तो इतका बारीक होत नाही. म्हणून हेडच्या टोकाला सोन्याची सूक्ष्म अँटेना असते, ती प्रकाशाची ऊर्जा ठिपक्यावर गोळा करते. खाली प्लॅटर मिनिटाला 7200 फेऱ्या घेतो. कडेला हा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर जातो, विरार फास्टलाही न जमणारा. शेजारचा ट्रॅक, म्हणजे बिटांची शेजारची गोल रेघ, तापायच्या आत ठिपका मागे पडलेला असतो. डिस्क हाताला चटका देत नाही ती त्यामुळेच.

या तंत्राच्या इंग्रजी आद्याक्षरांचा (HAMR) उच्चार 'हॅमर' होतो. एका काकांना वाटलं, आत हातोडा आहे.

कल्पना मात्र जुनी. ठरावीक तापमानाला चुंबकत्व मावळतं, याचा अभ्यास फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर क्युरीने 1895 मध्ये मांडला. गाण्यांसाठीच्या 1992 च्या मिनीडिस्कवरही लेझरने तापवूनच रेकॉर्डिंग व्हायचं. छापखान्यांच्या एमओ (मॅग्नेटो-ऑप्टिकल) डिस्क मी हाताळल्यात, त्याही याच जातीच्या. फक्त ठिपका आजच्या मानाने ढोबळ. हार्ड डिस्कमध्ये ते आणायला इतकी वर्षं का लागली, तर त्या सोन्याच्या टोकामुळे. रोज तापायचं आणि वितळायचं नाही, ही त्याची नोकरी. जानेवारी 2024 मध्ये सीगेट या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपनीने दहा प्लॅटरची 30 टीबीची ड्राइव्ह जाहीर केली, एका प्लॅटरवर 3 टीबी.

अशी एकही ड्राइव्ह अजून माझ्या टेबलावर आलेली नाही. त्या मुख्यतः ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरवाल्यांसाठी. घरच्या फोटोंना इतकी जागा कोण घेतो? आली तर पंचाईत माझी. हेड गेलं की आम्ही तशाच दुसऱ्या ड्राइव्हचं हेड काढून बसवतो, त्याला डोनर म्हणतात. इथे डोनरबरोबर लेझर आणि अँटेनाही जुळायला हवेत. शिवाय प्लॅटर काचेचे. स्क्रू सोडवताना हात थरथरून चालायचा नाही.

गाडीत ठेवू नका, हे मात्र अजून सांगतेच.