पारंबीची उंची

आमच्या सोसायटीतल्या बागेचा आराखडा माझाच. हल्ली हे सांगताना थोडं ओशाळायला होतं. "तुम्ही यातल्याच, मग करून टाका की," म्हणत कमिटीने काम गळ्यात मारलं, अर्थातच फुकट, आणि मीही हौसेने केलं. घसरगुंडी, दोन झोके, खाली सिमेंटचा कोबा आणि कोब्यावर रंगीत रबराचा थर. पडलं तरी लागत नाही, पाऊस आला तरी चिखल नाही. आया खूश. कोपऱ्यात वड होता, बिल्डर यायच्या आधीपासूनचा. तो मी नकाशात हिरवा गोल काढून दाखवला. भोवती पेव्हर ब्लॉक. पारंब्या सात फुटांवर छाटायच्या, कारण मुलं लोंबकळतील.

मुलं लोंबकळतील! हे मी स्वतःच्या हाताने लिहिलंय.

मे महिन्यात आठ वर्षांचा भाचा राहायला आला. दुपारी चारला रबर इतकं तापलेलं, की अनवाणी पाऊल टेकवेना. तो वडाखाली जाऊन बसला. थोड्या वेळाने हाक आली, "मावशी, हे कुठे जातायत?" मुंगळ्यांची रांग दोन ब्लॉकांमधल्या फटीत शिरत होती. एक जण वडाच्या लाल फळाचा तुकडा ओढत होता आणि फटीपाशी अडला होता. तुकडा मोठा, फट लहान.

"खाली काय आहे?"

खाली काय आहे ते मला मापासकट पाठ होतं. साठ मिलिमीटरचा ब्लॉक, मग कच, मग रोलर फिरवून दाबलेला खडी-मुरूम. मातीचा नंबर त्यानंतर. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त करायला सांगितली, तेव्हा मी मान डोलावली होती. हा वड दिल्लीत नव्हता, एवढंच.

मग त्याने पारंबीकडे उडी मारली. तीनदा. हात पोचेना.

आमच्या गावी आम्ही सूरपारंब्या खेळायचो. टांगेखालून काठी लांब भिरकावायची, राज्य असलेला ती आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी झाडावर. पारंबीला धरून खाली येताना तळहात सोलायचे, फांदीवरचे डोंगळे चावायचे. कुठली फांदी पेलेल हे कळायला पाटी लागत नसे. गुडघे फुटायचेच. एकाचा हातही मोडला होता, ते काही मी विसरलेले नाही.

कॉलेजात आम्हाला सोरेनसेन शिकवला होता. डेन्मार्कचा हा उद्यानरचनाकार. आखीव बागा सोडून मुलं बांधकामाच्या राड्यात, भंगारात जास्त रमतात हे त्याने पाहिलं, आणि १९४३ साली, जर्मनांचा ताबा असलेल्या कोपनहेगनजवळ, एम्ड्रपला फळ्या-विटांचं मैदान उभं राहिलं. आपल्या कामातली ही सर्वांत कुरूप जागा, पण आपल्या लेखी सर्वांत सुंदर, असं तो पुढे म्हणाला. परीक्षेत मी यावर पानभर लिहिलं, चांगले मार्क पडले, आणि नोकरीला लागल्यावर रबराच्या थराचे दर मागवले.

भाचा गेल्यावर मी वॉचमनकाकांना घेऊन एका पारंबीखालचे सोळा ब्लॉक उचलले. माती निघाली ती पांढुरकी, विटेसारखी घट्ट. काकांनी दोन बादल्या पाणी ओतलं; बराच वेळ ते वरच उभं राहिलं. माळ्याला सांगितलं, ही एक छाटायची नाही. मातीत पोचली की तिचं खोड होतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. "म्हणूनच तर कापायला लावता ना?" म्हणाला.

कमिटीत गदारोळ झाला. चिखल होईल, साप येतील, कोणी पडलं तर जबाबदार कोण? शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं धड उत्तर नाही. वटपौर्णिमेला त्याच खोडाला सूत गुंडाळणाऱ्या काकूंनी मात्र अनपेक्षितपणे माझी बाजू घेतली. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं: "वडाची एक पारंबी – निर्णय पुढील सभेत."

पुढील सभा तीनदा कोरमअभावी तहकूब झालीये. काल मी टेप लावून पाहिली. पाच फूट दोन इंच.